आलास की आलीस?

मी चाकणचा. संग्रामदुर्ग, कांद्याचा बाजार आणि आता कारखाने, ही आमच्या गावाची ओळख. पाळी सुटली की मुलं खोलीवर येतात. कॉट बेसिसवर एका खोलीत चार-पाच जण. स्वतःचं असं काही म्हणावं, तर हातातला मोबाइल तेवढा.

काही वर्षांपूर्वी आमच्या काव्यबैठकीत असाच एक तरुण आला. प्रेमकविता वाचू लागला. तीत 'तू आलास' असं होतं. बी.ए.ला मराठी घेतलेलं, व्याकरणाचा मला भारी अभिमान. मी मधेच टोकलं, "अरे, 'आलीस' हवं. लिंग चुकलं." सगळे हसले. त्यानं पेन काढून दुरुस्ती केली, कविता पूर्ण वाचली आणि पुन्हा कधी आला नाही.

उर्दू गझलेत प्रियपात्राला पुल्लिंगी क्रियापद लावण्याचा रिवाज जुना. तिथे मी कधी अडखळलो नव्हतो. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत पुरुष स्त्री होऊन बोलतो, तेही आपल्याला गोड वाटतं. मग या कान्यानंच मला का अडवलं?

इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. मराठीत 'तू येशील' म्हणताना लपता येतं. 'तू आलास' म्हणताना नाही. आणि आपल्यावर काय गुदरलं, हे तर भूतकाळातच सांगावं लागतं.

हे मला उमगलं ते बिंदुमाधव खिरे यांचं 'पार्टनर' वाचल्यावर. 2002 साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणारे ते हेच खिरे. समलिंगी तरुणाची गोष्ट त्यांनी सरळ मराठीत सांगितली. चेतन दातारांनी 'एक माधवबाग' या नाटकातून अशा मुलाच्या आईचं मन मांडलं. मी मात्र एक ओळसुद्धा ऐकून घेतली नव्हती.

आता अशी मुलं टोपणनावानं मोबाइलवर आपल्या गोष्टी लिहितात, एकमेकांच्या वाचतात. त्याला लपवाछपवी म्हणू नये. आम्ही शायर मंडळीही तखल्लुस घेतोच. नाव झाकलेलं असलं, तरी तिथे क्रियापद खरं लिहिता येतं. आपल्यासारखा आणखी कोणी आहे, हे कळलं की माणसाला धीर येतो.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. कायद्याची चूक न्यायालयानं सुधारली. माझी कोण सुधारणार? आता बैठकीत कुणी 'आलास' वाचलं, तर मी गप्प बसून शेवटपर्यंत ऐकतो.

तो तरुण आज कुठं आहे, ठाऊक नाही. बाबा, हे ऐकत असशील तर वही काढ. माझ्या सांगण्यावरून केलेली ती दुरुस्ती खोडून टाक. तुझंच बरोबर होतं.