दुसऱ्या मताची कसोटी
(धाराशिव येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवडणुकीच्या सभेत मतदार वक्त्याचे शब्द ऐकतो आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीकडे पाहतो. दोन उमेदवार जोडीने मते मागत असतील, तर एक बोलत असताना दुसरा कसा बसला आहे, यावरून त्या जोडीचे खरे नाते गावाला कळते.

अमेरिकेत अध्यक्ष व उपाध्यक्ष या पदांचे उमेदवार जोडीने उभे राहतात आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. तशी जोडी इकडे नसते, असा समज आहे. परंतु जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटात पंचायत समितीचे दोन गण असतात. गटाचा आणि गणाचा उमेदवार एकाच व्यासपीठावरून प्रचार करतात. मतदार मात्र दोघांसाठी दोन स्वतंत्र मते देतो. परंड्यापासून उमरग्यापर्यंत आठही तालुक्यांत हीच रीत आहे. मते दोन असली, की एक देऊन दुसरे नाकारता येते. जोडीची परीक्षा तेथेच होते.

समाजवादी चळवळीने ही परीक्षा फार पूर्वी दिलेली आहे. 1952 आणि 1957 च्या निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य होते. त्यांतील एक जागा राखीव असे. 1952 साली उत्तर मुंबईत समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जोडीने उभे राहिले. दोघेही पराभूत झाले. दुसरे मत कुजवले गेल्याची तक्रार घेऊन दोघे मिळून निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत अशोक मेहता विजयी झाले. राखीव जागेवर डॉ. आंबेडकर मात्र पडले. अनुयायांनी आपले दुसरे मत कुजवावे, ही सूचना बाबासाहेबांनी ठामपणे नाकारली होती. 1941 साली याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आलेल्या या नेत्याने शब्द पाळला. दुसऱ्या मताने तो पाळला नाही. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले, परंतु दुसऱ्या मताचा प्रश्न संपला नाही.

आजच्या व्यासपीठाकडे पाहावे. गटाचा उमेदवार मधल्या खुर्चीवर रेलून बसतो. गणाचा उमेदवार राखीव जागेवरचा असेल, तर तो कडेच्या खुर्चीच्या टोकाशी, हात गुडघ्यांवर ठेवून बसतो. हार त्याला शेवटी मिळतो आणि भाषणाला ‘दोन शब्द’. तो बोलू लागताच पहिला उमेदवार मोबाईल काढतो किंवा तालुक्याच्या पुढाऱ्याच्या कानाशी लागतो. उमेदवार स्त्री असेल, तर ती उठून नमस्कार करते आणि भाषण तिचा नवरा किंवा दीर करतो.

भाषेतही हेच उमटते. आश्वासनांच्या वेळी ‘मी’ येतो. शेवटी ‘यांनाही मत द्या’ असे म्हटले जाते. त्या ‘यांनाही’मधला ‘ही’ एका अक्षराचा आहे, पण दुसरे मत ऐच्छिक आहे हे तो साऱ्या गावाला शिकवतो. ‘आम्हा दोघांना’ म्हणणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

काही जण म्हणतील, हावभाव शिकवता येतात. सभेपुरते येतात. परंतु वस्तीत गेल्यावर पहिला उमेदवार जोडीदाराच्या ओट्यावर बसून पाणी पितो की गाडीतूनच हात जोडतो, हे शिकवलेल्या अभिनयाने झाकत नाही. ज्याच्या मनात बरोबरी नाही, त्याच्या पाठीचा कणा ते सांगून टाकतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही नियम स्वतःवर घालून घ्यावेत. जोडीतील दोघांना सारखा वेळ मिळावा आणि गणाचा उमेदवार सभा भरात असतानाच बोलावा. स्त्री उमेदवाराचे भाषण तिनेच करावे. अडखळली तरी चालेल. गटाच्या उमेदवाराने आपल्या भावकीत जाऊन जोडीदारासाठी मत मागावे, आणि तेही जोडीदार समोर असताना. मोजणीनंतर प्रत्येक केंद्रावरील दोघांच्या मतांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. त्यांत जेथे मोठी तफावत दिसेल, तेथे मतदाराला दोष देण्यापूर्वी तेथील प्रचारसभेत कोण कुठे बसला होता, हे आधी आठवावे.