कानापुढचे छिद्र



बाळाचे कान टोचायला सोनार घरी येतो. तार हातात घेऊन तो कान चाचपतो आणि म्हणतो, "अहो, इथं तर आधीच भोक आहे!" पण ते पाळीला नसते. कानाची वरची कड जिथे गालाला मिळते, त्याच्या किंचित पुढे टाचणीच्या डोक्याएवढे ते छिद्र असते. आजी म्हणते, "देवानंच टोचून पाठवलंय!" सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो.

बहुतेक घरांत तो तिथे संपला तरी काही बिघडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर भाषण संपायच्या आत कुणीतरी पोर काखेत मारून एस. टी. स्टँड गाठायचा. नुसते एखादे छिद्र पुष्कळ निरोगी माणसांना असते. मात्र काही थोड्या घरांत ते एकटे येत नाही. त्याच्या जोडीला मानेवर, गळ्याच्या पुढच्या बाजूला खालच्या अंगाला, आणखी एक बारीक तोंड असते आणि त्यातून अधूनमधून चिकट पाणी पाझरते. पोराला ऐकू कमी येते. आणि पोटात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक मूत्रपिंड लहान राहिलेले असते किंवा मुळीच नसते.

कान, मान आणि मूत्रपिंड यांचा एकमेकांशी संबंध तो काय, असे तुम्ही विचाराल. रंकाळ्यावर गळ टाकून बसणाऱ्याला माशाचे कल्ले ठाऊक असतात. आईच्या पोटात गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो, तेव्हा त्याच्याही मानेपाशी कल्ल्यांसारख्या घड्या आणि खाचा असतात. पुढे त्या घड्यांतूनच कान, जबडा आणि गळ्याचे काही भाग घडतात आणि खाचा बुजून जातात. एखादी खाच बुजायची राहिली, की मानेवर ते पाझरणारे तोंड उरते. मूत्रपिंडाची घडणही त्यानंतर लवकरच सुरू होते, आणि दोन्हीकडच्या कामाला काही हुकूम एकाच जनुकाकडून जातात. तो हुकूम अपुरा पडला, तर दोन्ही ठिकाणी काम कच्चे राहते.

या आजाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'बी. ओ. आर.' म्हणतात. साधारण चाळीस हजार जन्मांमागे एक, असा त्याचा अंदाज देतात. १९७५ साली मेल्निक आणि १९७८ साली फ्रेझर यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह त्याची नीट मांडणी केली. १९९७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी त्यामागचे मुख्य जनुक शोधून काढले. गंमत अशी, की पिकलेल्या केळ्यांवर घोंघावते ना, त्या चिलटात याच जातीचे जनुक आधी सापडले होते. त्यात बिघाड झाला तर चिलटाला डोळेच येत नाहीत!

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले, की आपल्याकडे असे मूल जन्मले की पहिला प्रश्न सुनेला विचारतात. "ग्रहणात विळी हातात धरली होतीस का?" बायांनो, ग्रहणाचा आणि विळीचा यात काडीचा संबंध नाही. हा दोष आईकडून येतो तितकाच बापाकडूनही येतो, आणि कधीकधी दोघांतही नसताना बाळात नव्यानेच उपजतो. मामाची मुलगी केली म्हणून हे झाले, असेही नव्हे. नात्यातल्या लग्नाने बहिरेपणाचे काही दुसरे प्रकार वाढतात, हे खरे. पण याला आईबापांपैकी एकाचाच दोष पुरतो. दर खेपेला छापा-काटा. पहिल्याला निघाले म्हणून दुसरे सुटले, असा हिशेब त्यात नाही.

आणि एकाच घरात याची रूपे निरनिराळी. आजोबांना नुसते कानापुढचे छिद्र, वडिलांना कमी ऐकू येते, नातवाला एकच मूत्रपिंड. म्हणूनच वर्षानुवर्षे कुणाला पत्ता लागत नाही.

गुरुजी, आता तुमच्याशी दोन शब्द. समजा, तुमच्या वर्गात एक मुलगा आहे. फळ्यावरचे बिनचूक उतरवतो. पण शुद्धलेखन सांगितले, की 'बाण'चे 'पान' करतो. तुम्ही पाठमोरे होऊन बोललात, की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. त्याला "लक्ष कुठंय रे तुझं?" म्हणण्याआधी एकदा त्याचे कान आणि मान बघा. या आजारात शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना कमी ऐकू येते, आणि काहींचे ते वयाबरोबर वाढत जाते. त्याला पुढच्या बाकावर घ्या आणि तोंड त्याच्याकडे करून बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला; त्याचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा या मुलाचे नाव त्यांना आवर्जून द्या. त्याआधी जमले तर कोल्हापूरला सीपीआरच्या कान-नाक-घसा विभागात पाठवा. कुणाला श्रवणयंत्राने भागते, कुणाला शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

मानेवरच्या छिद्रात काडी घालू नये, हळद-चुना भरू नये, बिब्बा तर नकोच. पू झाला तर आधी औषधाने तो शमवतात, मग आतली सगळी नळी शस्त्रक्रियेने काढतात. वरवर चिरून भागत नाही. ते पुन्हा पाझरते.

मूत्रपिंडाचे मात्र बघा, ते दुखत नाही, म्हणून कळत नाही. छिद्राबरोबर बहिरेपण असेल, मानेवर तोंड असेल, किंवा घरात आणखी कुणाला असे काही असेल, तर पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावीच. एका मूत्रपिंडावरही माणूस जन्म काढतो. फक्त ते सांभाळावे लागते. वर्षाकाठी लघवी आणि रक्तदाब तपासावा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नयेत. आणि कोणत्याही दवाखान्यात गेलात, तरी सोनोग्राफीचा कागद आधी डॉक्टरांपुढे ठेवा.

थोरल्याचे असे काही निघाले, तर धाकट्याचेही कान तपासून घ्या. ते अजून पाळण्यात असले तरी अडत नाही. ती तपासणी बाळ झोपेत असतानाच करतात.