दवा आणि दुआ

आमच्या पेडगावात एखाद्याचं मन बिघडलं तर कुणी त्याला मनाचा आजार म्हणत नाही. हिंदूंच्या घरी म्हणतात, ‘बाहेरचं लागलंय’. मुसलमानांच्या घरी म्हणतात, ‘असर झालाय’. मी कवी आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे माझं लक्ष आधी शब्दांकडे जातं. आजाराला आपण जे नाव देतो, त्यावरच कुणाचं दार ठोठावायचं हे ठरत असतं.

‘बाधा’ म्हटलं की दोष त्या माणसाचा राहत नाही. घरचे त्याला टाकून देत नाहीत. याला कमी लेखू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास सुरू केला. त्यात लंडन होतं, नायजेरियातलं इबादान होतं आणि आपलं आग्राही होतं. पुढं दिसलं ते असं, की सधन देशांपेक्षा भारत आणि नायजेरियातले रुग्ण अधिक सावरले. का, यावर तज्ज्ञांचा वाद आहे. पण घर, शेत आणि गणगोताचा आधार हे एक कारण अनेकांनी सांगितलं.

मात्र याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. बाधा म्हटली की ती उतरवणारा येतो. मग धुरी, मार, साखळदंड. आमच्या शिवारात दावणीला बांधलेला तरणा मुलगा मी पाहिला आहे. आई त्याला रोज हातानं भरवायची. ती माऊली दुष्ट नव्हती. तिला दुसरं दार ठाऊक नव्हतं. अशाच साखळ्यांपायी ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. त्यांना पळताच आलं नाही.

आता कायदे आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३पासून गुन्हा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली. पण राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. गरिबाला दर्गा जवळचा आणि दवाखाना लांबचा!

म्हणून मला गुजरातचा मार्ग पटतो. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे. आपल्याकडूनही माणसं तिथं जातात. तिथं २००८ साली ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं. दुआ मागा आणि शेजारीच बसलेल्या डॉक्टरांनाही भेटा, असं तेच सांगू लागले. श्रद्धा कुणी हिसकावली नाही, म्हणून गोळीही घेतली गेली. आणि इस्लाममध्ये तर आजारावर इलाज करण्याचीच शिकवण आहे.

परभणीला तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघंही जातात. जरूर जावं. पण घरातला माणूस झोपेनासा झाला, एकटाच बोलू लागला, जीव नकोसा म्हणू लागला, तर नवस बोलताना डॉक्टरांचं दारही ठोठवा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तोंडी शब्द ‘बाधा’ असला तरी चालेल. हातातली दोरी मात्र सोडा.