दृष्ट नव्हे, दृष्टी हवी



मूल तीन वर्षांचे झाले, तरी बोलत नाही. हाक मारली तर वळून पाहत नाही. खेळण्यातल्या गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवत बसते. बोरिवलीच्या चाळीत काय किंवा मुलुंडच्या सोसायटीत काय, अशा वेळी वडीलधारी मंडळी धीर देतात, ‘याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते.’ कुणी दृष्ट काढायला सांगते, कुणी ग्रहणाचा दोष काढते, कुणी पूर्वकर्माकडे बोट दाखवते. बहुधा ते बोट अखेरीस आईवर येऊन थांबते.

ही समजूत केवळ आपल्याकडचीच नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणातून स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे तेथील विद्वानही आईच्या कोरडेपणाला दोष देत राहिले. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली या मताला आव्हान दिले. स्वमग्नता हे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आज मान्य झाले आहे. तो संगोपनातील दोष नव्हे, कुणाचा शापही नव्हे.

चुकीच्या समजुतीची किंमत मात्र मूल मोजते. भाषा आणि संवाद यांना वळण लावण्यासाठी पहिली वर्षे मोलाची असतात. तीच उताऱ्या-अंगाऱ्यांत निघून जातात. देवाला नमस्कार करूनही बालविकासतज्ज्ञांची पायरी चढता येते. त्यात श्रद्धेचा भंग नाही.

कायदाही उशिराच जागा झाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याला स्थान मिळाले. प्रमाणपत्र सरकार देईल. आपुलकी शेजाऱ्यांनीच द्यायची असते.

गणेशोत्सवात ढोल-ताशा वाजू लागताच कान झाकून किंचाळणाऱ्या मुलाला ‘लाडावलेले’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो आवाज त्याला खरोखरच असह्य होत असतो. अंधेरी-घाटकोपरच्या मंडळांनी एखादा तास ध्वनिक्षेपक बंद ठेवून अशा मुलांना आई-वडिलांसह दर्शनाला बोलावले, तर उत्सवात काय उणे पडेल? ज्याच्या चरणी आपण बुद्धी मागतो, त्या गजाननाचे रूपही इतरांहून वेगळेच आहे.