ठाणे खाडीचे आरोग्य : स्वागताध्यक्षीय भाषण



सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या ठाणे खाडीचा उल्हास नदीशी असलेला संबंध उत्तरेकडे एका अरुंद वाटेपुरता उरला आहे. त्यामुळे तिच्यातील पाण्याची अदलाबदल मुख्यतः दक्षिणेकडून, मुंबई बंदरातून चढणाऱ्या भरतीवर चालते, आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतील अंतर सर्वांत कमी असते तेव्हा, वरच्या टोकाचा गाळ व सांडपाणी तेथेच घुटमळत राहते.

२०१५ मध्ये येथे रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. हा गौरव रास्तच आहे. मात्र गुलाबी थव्यांवरून खाडी निरोगी ठरवणे घाईचे होईल. धाकटा रोहित चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म नील-हरित शैवाल खातो, तर सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस हे अशा शैवालाचे खतच होय. तेच सांडपाणी कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि माशांचा श्वास कोंडतो. पक्ष्याची मेजवानी ती माशाची उपासमार, असा हा विचित्र हिशेब आहे.

खारफुटीचेही तसेच आहे. तिवरांची श्वसनमुळे, म्हणजे चिखलातून हवेसाठी वर आलेली खुंटांसारखी मुळे, गाळ अडवून किनारा सावरतात, म्हणून त्यांची तोड अक्षम्यच. परंतु गाळ साचत जाऊन तिवरे पुढे सरकली की ओहोटीत उघडी पडणारी चिखलपट्टी आक्रसते. निवटी सरपटते, खेकडा बीळ कोरतो, शेकाट्या चोच खुपसतो, ते सारे या पट्टीवरच. तिला पडीक समजणाऱ्या नियोजनाने खाडीचे जितके नुकसान केले, तितके क्वचितच अन्य कशाने केले असेल.

प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यक आहेच, तथापि एकेकाळी जाळ्यात काय येत असे आणि आज काय येते, याची जाण कोळीवाड्यांतील वृद्धांपाशी आहे. या परिषदेच्या ठरावांत या जाणकारीच्या नियमित नोंदीला पाण्याच्या तपासणीइतकेच स्थान मिळावे, अशी स्वागत समितीची प्रतिनिधींना आग्रहाची विनंती आहे.