बोम्मसंद्र्यातले जांभूळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बंगळूरच्या मराठी सभेत जो वक्ता उभा राहतो तो आधी शहाजीराजांना वंदन करून आपल्या येथील वास्तव्याचा हक्क सिद्ध करतो. मीही वंदन करतो. त्यांच्याच पुत्राने, व्यंकोजीराजांनी, हे नगर पुढे म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांस विकावयास काढले होते, हा इतिहासाचा उत्तरार्ध मात्र आपण सहसा सांगत नाही. असो. माझा विषय इतिहासाचा नाही, झाडाचा आहे.

कार्यवाहांनी मला ‘घरच्या बागेतील अलुबुखार’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. त्याचे कारण असे की, माझ्या अंगणात एके काळी अलुबुखाराचे झाड होते आणि त्याची कीर्ती फळांपेक्षा लवकर पसरली. १९९८ साली बोम्मसंद्र्याला साठ-चाळीसच्या जागेवर घर बांधले, तेव्हा होसूर रस्त्याच्या त्या बाजूला कारखान्यांच्या भिंती आणि नाचणीची शेते शेजारी शेजारी होती. हिमाचलातून आलेल्या एका सहकाऱ्याने आणून दिलेले रोप मी २००१ मध्ये मोठ्या हौसेने लावले. त्याला पाने आली, फांद्या आल्या. सात वर्षांत फळ एकही आले नाही. पहिली चार वर्षे मी खतास दोष दिला, पुढची तीन कीटकांस.

दोष कोणाचाच नव्हता. अलुबुखार हे पानझडीचे झाड आहे. हिवाळ्यात ते पाने टाकून निजते आणि पुरेशी थंडी मिळाल्यावाचून नीट जागे होत नाही. साधारणतः सात अंशांच्या खाली पारा किती तास राहिला याचा जणू ते हिशेब ठेवते. जातीपरत्वे हे तास कमी-अधिक असतात. काही जातींना थोडक्यात भागते, पुष्कळांना शेकड्यांनी लागतात. आता आपल्या शहराचे पाहा. बंगळूरच्या नोंदींतील सर्वांत नीचांकी तापमान ७.८ अंश सेल्सिअस, आणि ते १८८४ सालच्या जानेवारीतले! नऊशे मीटर उंचीवरची ही हवा आपल्याला थंड वाटते ती आपण मुंबईहून आलो म्हणून. अलुबुखाराला ती वाटत नाही. ज्यांना त्याची फळे पाहावयाची असतील त्यांनी उटी-कुन्नूरकडे जावे. मी २००८ मध्ये ते झाड काढले आणि तो खड्डा तसाच राहिला.

इंग्रजीत जांभळालाही ‘जावा प्लम’ म्हणतात. तेव्हा कार्यवाहांचा विषय मी शब्दशः सोडला असला तरी नावाने पाळला आहे, एवढे त्यांनी मान्य करावे.

आमचे मूळ घर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडीच्या परिसरात. परसात विहिरीजवळ एक जांभूळ होते. ते आजीने लावले असे सगळे म्हणत. आजी स्वतः म्हणे की, ती लग्न होऊन आली तेव्हाच ते पुरुषभर होते. फळ लांबट, गर भरपूर आणि बी अगदी लहान. रानातली जांभळे म्हणजे बीच फार. तुरटपणा घशाला धरणारा. हे तसे नव्हते. जांभळाची फांदी ठिसूळ, ती न सांगता मोडते, म्हणून आम्हां मुलांना झाडावर चढण्यास सक्त मनाई होती. आणि म्हणूनच आम्ही सगळे त्यावर चढलेले होतो. माझ्या उजव्या कोपरावरील खूण त्याच झाडाची आहे.

२०१५ च्या आरंभी धाकट्या भावाचा फोन आला. गावातला रस्ता रुंद होणार होता. मोजणी झाली होती आणि झाडाच्या बुंध्यावर पांढरा पट्टा ओढला गेला होता. तो म्हणाला, ‘‘दादा, पैसे मिळतील. झाडाचेही धरलेत.’’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती आणि आनंदही नव्हता. मी किती मिळणार ते विचारले नाही. फोन ठेवल्यावर मी अंगणातल्या त्या रिकाम्या खड्ड्याकडे जाऊन उभा राहिलो, एवढे आठवते.

आपणांपैकी पुष्कळांना वाटेल की, बी आणून लावावी, संपले. जांभळाची बी रुजते खरी, परंतु बीपासून वाढलेले झाड आईसारखेच निघेल याची खात्री नसते, आणि फळ यावयास आठ-दहा वर्षे लागतात. मी तेव्हा साठीला टेकलो होतो. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरते आणि ते त्याच झाडाचे फळ असते. पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या टपोऱ्या जांभळांतून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ ही जात निवडली, तिची कलमे विकत मिळतात. उत्तम जात आहे, ज्यांना नुसते चांगले जांभूळ हवे त्यांनी तीच लावावी. मला आमचे हवे होते.

पहिला प्रयत्न एप्रिल २०१५ मधला, आणि तो अज्ञानाचा नमुना म्हणून सांगतो. गावी गेलो, आठ काड्या कापल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पिशवीत घातल्या. आंबोली घाटाने बेळगाव आणि तेथून रात्रीची गाडी. येथे पोहोचेपर्यंत त्या केरसुणीच्या हिरासारख्या झाल्या होत्या. तरीही रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर मी त्या पुस्तकात पाहून बांधल्या. आठांपैकी आठ वाळल्या.

आमच्या गल्लीत तेव्हा आनेकलकडचे एक वृद्ध माळी येत असत. सगळे त्यांना ‘ताता’ म्हणत, म्हणजे आजोबा. त्यांनी वाळलेली काडी दाताने चावून पाहिली आणि हसले. त्यांचे मराठी शून्य, माझे कन्नड बाजारापुरते. परंतु शिकवणाऱ्याचे हात स्पष्ट असले की भाषेवाचून फारसे अडत नाही. त्यांनी पहिली आज्ञा केली ती खुंटाची. खुंट आपण तयार करावा, आणि तो इथल्याच नेरळेचा असावा. नेरळे म्हणजे जांभूळ. जून-जुलैत होसूर रस्त्यावर हातगाड्या लागतात. आमच्या घरातून पाव किलो जांभळे आणली जात आणि मी सगळ्यांच्या ताटलीतल्या बिया गोळा करी. जांभळाची बी साठवून ठेवता येत नाही. पंधरवड्याच्या आत पेरावी, नाहीतर मरते. पिशव्यांत चाळीसेक बिया पेरल्या. एकेका बीतून कधी दोन-दोन, तीन-तीन कोंब येतात. त्यांतला जोमदार तेवढा ठेवावयाचा. वर्षभरात ती रोपे पेन्सिलीएवढी जाड झाली.

त्या वर्षभरात गावाहून फोन आला की छातीत धस्स होई. झाड उभे होते.

जुलै २०१६ मध्ये पुन्हा गेलो. यावेळी भावाला आधीच सांगितले होते: ज्या फांद्या घ्यावयाच्या त्यांची पाने दहा दिवस अगोदर छाटून टाक, पण देठ ठेव. पाने गेली की डोळे फुगतात, देठ आपोआप गळू लागतात, आणि मग काडी कलमाला तयार झाली असे समजावे. काड्या ओल्या फडक्यात, वर प्लॅस्टिक, आणि रात्रभर मांडीवर. शेजारच्या प्रवाशाने दोनदा विचारले की काय आहे. मी औषध म्हणून सांगितले.

सकाळी ताता दारात हजर होते. खुंटाचा शेंडा कापून मध्ये उभी चीर दिली, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी धार केली आणि ती चिरेत बसवली. सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तरी खुंटाच्या थराला भिडला पाहिजे, सारे कलम त्यावर उभे असते. मग प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळून, वरून मुले बर्फाची पेप्सी खातात ती लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची, म्हणजे आत दमटपणा राहतो. पंधरा कलमे बांधली. तीन आठवड्यांत चार फुटली. दोन बुरशीने गेली. एक गाईने खाल्ले. फाटक मीच उघडे ठेवले होते. राहिले एक.

त्या डिसेंबरात गावचे झाड पडले. भावाने फोन केला नाही, पत्र लिहिले. आमच्या घरी पत्र येऊन कित्येक वर्षे झाली होती.

जून २०१७ मध्ये तो जुना खड्डा मीटरभर खोल करून शेणखत आणि पोयटा मातीने भरला व कलम लावले. येथल्या तांबड्या मातीखाली लवकरच मुरूम आणि खडक लागतो, तेव्हा खड्ड्यात आळस करू नये. ज्यांनी कलमे लावली आहेत त्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो: सांध्याच्या खालून खुंटाला फुटवे येत राहतात, ते दर आठवड्याला खुडावेत. आपण महिनाभर मुलांकडे अमेरिकेत गेलात की खुंट वरचढ होतो, कलम मुकाट्याने मरते, आणि पुढे दहा वर्षे आपण भलत्याच झाडाला पाणी घालतो. या ठिकाणी वक्त्याकडून एखाद्या रूपकाची अपेक्षा असते, हे मी जाणतो. ते ज्याचे त्याने करावे.

२०२१ मध्ये पहिली फळे आली. मोजली, सव्वीस. काही कोकिळांनी आणि वटवाघळांनी नेली. त्या वर्षी प्रवासाची सोय नव्हती, म्हणून चव ओळखणारे दुसरे कोणी घरात नव्हते आणि माझ्या जिभेवर माझा विश्वास नव्हता. पुढल्या वर्षी आमच्या आत्या आल्या. त्यांचे वय पंच्याऐंशी. त्यांनी एक जांभूळ मिठाला लावून तोंडात टाकले, बी हातावर काढली, बराच वेळ बीकडेच पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘बी तीच. पाणी वेगळे.’’ खरे आहे. फळ किंचित अधिक तुरट लागते. कोकणातल्या पावसाच्या निम्म्याहूनही कमी पाऊस येथे पडतो, आणि तोही दोन हप्त्यांत.

मार्च २०२४ मधली टंचाई आपणां सर्वांना आठवत असेल. आमची कूपनलिका आटली, टँकरची वाट पाहण्यात दिवस जात. तेव्हा तांदूळ धुतलेले पाणी, भाजीचे पाणी आणि माझ्या अंघोळीचे अर्धे पाणी झाडाला गेले. बुंध्याभोवती नारळाच्या सोडणांचा थर दिला. त्या साली मोहोर बराच गळला, पण झाड राहिले. आपण सत्यनारायणाच्या संकल्पात ‘जंबुद्वीपे’ म्हणतो, ते याच झाडाच्या नावाचे द्वीप. पूजेचे पाणी त्याच्या मुळाशी ओतताना त्या वर्षी गुरुजींनीही हरकत घेतली नाही.

जागा लहान असली तरी दरवर्षी फळे संपताच छाटणी केल्यास हे झाड पंधरा-वीस फुटांत राहते. माझे तेवढेच आहे. पलीकडच्या उन्नत मार्गावरून ऑगस्ट २०२५ पासून मेट्रो धावते आहे.

आता शेवटचे. गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. रस्ता होऊन गेला, उरलेल्या परसात नवी विहीर झाली, आणि तिच्या काठी जागा आहे. ‘‘दादा, काड्या पाठव,’’ म्हणाला. पाठवणार नाही, मीच घेऊन जाणार आहे. जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मी फांद्यांची पाने छाटणार आहे आणि त्यानंतर दहा दिवसांनी काड्या कापीन. काही जास्तीच्या निघतील. ज्यांचे खुंट तयार असतील त्यांनी त्या दिवशी अवश्य यावे. येताना ओले फडके तेवढे बरोबर आणावे, आणि फाटक लावून घ्यावे.