बुजऱ्या शिंगराचा अभिमान



भुसावळ-दीपनगरच्या परिसरातून वाहणारी तापी पुढे सारंगखेड्याला पोहोचते, तेथे मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्यासोबत नामांकित घोडेबाजार भरतो. शहादा तालुक्यातील हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असले, तरी १ जुलै १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. या बाजाराचा अभिमान म्हणूनच साऱ्या खानदेशाचा आहे.

बाजारात जनावराची पारख उंची, रंग, अंगावरचे भोवरे, चाल आणि दात पाहून होते. घोड्याचे समोरचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांच्या वयापासून पडू लागतात. तोवर त्याला ‘अदंत’ म्हणतात. असे अदंत शिंगरू, म्हणजे घोडीचे वाढते पिल्लू, ढोलाच्या पहिल्याच थापेला बुजले, दचकून दावे ओढू लागले, की गिऱ्हाईक पुढच्या दावणीकडे वळते. हा निवाडा घाईचा असतो. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी असून त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र कपाळासमोरचा लगतचा भाग आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. अंगावर बसलेली माशीदेखील जाणवणारी त्याची कातडी पुढे स्वाराच्या गुडघ्याचा हलका दाबही ओळखते. ज्या तीव्र संवेदनेमुळे शिंगरू बुजते, तिच्यामुळेच ते उत्तम शिकू शकते.

ही संवेदना न मारता तिला वळण लावणे हेच खरे कसब होय. जाणता अश्वपालक आधी केवळ खरारा करतो, मग पाठीवर घोंगडी टाकतो, लांब दोरीवर गोल फिरवतो आणि खोगीर मात्र खूप उशिरा चढवतो, कारण पाठीच्या कण्याची वाढ पाचव्या वर्षापर्यंत, किंबहुना त्यानंतरही, चालू असते. ढोल आधी दूर वाजतो, रोज थोडा जवळ येतो, आणि शिंगरू उधळण्याआधीच थांबतो. मारवाडी व काठियावाडी घोड्यांचे टोकाशी आत वळलेले कान या काळात सारे सांगतात: आवाजाकडे रोखलेल्या दोन कानांपैकी एक माणसाकडे वळला, की विश्वास बसू लागला असे समजावे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने घोड्याशी रागाने वागू नये असे बजावले होते. चाबकाने नमवलेल्या घोड्याच्या मनात फक्त आणखी एका भीतीची भर पडते.

तेच शिंगरू जेव्हा वाजंत्रीजवळून रेवाल चालीने, म्हणजे स्वाराच्या पाठीला हिसका न बसू देणाऱ्या सलग चालीने जाते, तेव्हा मालकाला होणारा आनंद विकत घेतलेल्या तयार घोड्याने मिळत नाही. रंगमंचावर प्रथमच उभ्या राहणाऱ्या मुलाच्या शिक्षकांना तो ठाऊक आहे, आणि अभिमानाचा याहून निर्मळ प्रकार क्वचितच आढळेल.

येत्या दत्तजयंतीला विद्यार्थ्यांनी पालकांसह सारंगखेड्याला जावे. नाचणाऱ्या घोड्यांभोवतीच्या गर्दीतून बाजूला होऊन अदंत शिंगरांच्या दावणीपाशी थांबावे, मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि जवळ जायचे झाल्यास समोरून वा मागून न जाता खांद्याच्या बाजूने, हलक्या आवाजात बोलत जावे.